गणेशखिंडीतला लाटसाहेबाचा वाडा

मानपाड्याहून आम्ही बोलतोय.

कल्याण-शीळ रस्त्यावर हल्ली जी मोठमोठी संकुलं उभी राहिली आहेत, त्यांच्या कमानी तुम्ही पाहिल्या असतील. गोल खांब, त्यावर त्रिकोणी कपाळपट्टी, दोन्ही बाजूंना दगडी कुंड्या, मधे कारंजं. नावंही इंग्रजी. कुठे ‘इस्टेट’, कुठे ‘मॅनर’. जिथे आज कमान आहे तिथे पूर्वी भाताची खाचरं होती, हे इथल्या बायांना सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या चिखलात लावणी केली आहे. त्यांच्यातल्याच काही जणी आता रोज सकाळी त्या कमानीतून धुणीभांडी करायला आत जातात. आत गेल्यावर त्यांची लिफ्ट वेगळी.

गटाच्या बैठकीत एकीने सहज विचारलं, “हे मॅनर म्हणजे काय गं?” एकीलाही सांगता येईना. मग आम्ही विचारायला, वाचायला लागलो आणि शोधता शोधता थेट पुण्यात गणेशखिंडीला जाऊन पोचलो. आजच्या भाषणात तीच हकिकत सांगणार आहोत. थोडी लांबेल, हातातलं काम चालू ठेवा.

आधी विलायतेतली गोष्ट. इंग्लंडात जुन्या काळी मोठे जमीनदार असत. आपल्याकडे कोकणात खोत होते, इनामदार होते, तसे समजा, पण जमीन कितीतरी जास्त. हजारो एकर. त्या जमिनीच्या मधोमध जमीनदाराचं दगडी घर. घर म्हणायचं म्हणून घर. पन्नास-शंभर खोल्या असायच्या. घर, बाग, माळ, रान, तळं, कुळांची शेतं, कुळांच्या झोपड्या, कधी कधी देऊळ धरून अख्खं गाव, हे सगळं मिळून इस्टेट. मॅनर म्हणजे अशा जहागिरीच्या धन्याचा वाडा. कुळांनी कसायचं, खंड भरायचा आणि त्या खंडावर वाडा चालायचा. लंडन शहरात त्यांची दुसरी घरं असायची, पण मान या गावाकडच्या वाड्याला.

या वाड्यांची एक गंमत ऐका. वाड्याच्या खिडकीतून पाहिलं की समोर हिरवळ, पुढे चरणारी गुरं, त्यापुढे झाडी दिसली पाहिजे, आणि मधे कुंपण दिसता कामा नये. पण कुंपण नाही तर गुरं थेट दारात यायची. म्हणून त्यांनी खोल चर खणला. चराची एक बाजू सरळ भिंतीसारखी बांधून काढायची, दुसरी उतरती ठेवायची. लांबून चर दिसतच नाही. गुरं समोर चरताना दिसतात, पण अलीकडे येऊ शकत नाहीत. आमच्यातली एक वहिनी म्हणाली, “म्हणजे गरिबाची गाय बघायला छान, दारात नको.” आम्ही हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इंग्लंडच्या डॉर्सेट भागात लॉर्ड मिल्टन नावाच्या एका जमीनदाराच्या वाड्यासमोर एक बाजाराचं गाव होतं. ते त्याच्या डोळ्यांत खुपायचं. १७८० च्या सुमाराला त्याने ते गाव टप्प्याटप्प्याने पाडून टाकलं, लोकांना लांबच्या दरीत एकसारखी घरं बांधून दिली आणि गाव होतं तिथे तळं आणि हिरवळ केली. ते नवं गाव, मिल्टन ॲबस, आज बघायला पर्यटक जातात. एका रांगेत बांधलेली गवती छपरांची घरं दिसायला फारच सुंदर आहेत म्हणे.

आता वाड्याच्या आत चला. पुढच्या बाजूला दिवाणखाना, नाचाचं दालन, पुस्तकांची खोली, जेवणाची लांबलचक खोली. स्वयंपाकघर मात्र लांब, मागच्या अंगाला, कारण फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज पाहुण्यांपर्यंत जायला नको. नोकरांचे जिने वेगळे, बोळ वेगळे, झोपायच्या खोल्या एक तर तळघरात नाही तर छपराखाली. मोलकरणीने पहाटे उठून शेकोट्यांमधली राख काढायची, विस्तव पेटवायचा आणि घरचे उठायच्या आत दिसेनासं व्हायचं. काही घरांमध्ये मालक समोरून आला तर मोलकरणीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, अशी शिस्त होती. आपल्याकडच्या वाड्यांतही पहिला चौक पुरुषांचा आणि कारकुनांचा, माजघर आणि मागचा चौक बायकांचा, हे होतंच. नाव ठेवायला इंग्रजच कशाला पाहिजेत.

पण हे वाडे शेकडो वर्षं एका घराण्यात, न तुटता कसे राहिले? आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा यावर झाली. उत्तर सोपं आहे. सगळी इस्टेट थोरल्या मुलाला. धाकट्यांनी सैन्यात जावं, पाद्री व्हावं, नाही तर हिंदुस्थानात नोकरी धरावी. मुलींना लग्नात ठरलेली रक्कम मिळायची, जमीन नाही. भाऊच नसला तर वाडा दूरच्या चुलतभावाकडे जायचा आणि मुली घराबाहेर व्हायच्या, असंही घडे. म्हणजे ती भव्य घरं ज्या पायावर उभी होती, त्यात मुलींचा सोडलेला हिस्साही होता. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला आणि देशभर २००५ साली. तरीही आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून भाऊ बहिणीकडे पेढे घेऊन येतो आणि पेढ्यांच्या खालून हक्कसोडपत्र निघतं. माहेर तुटू नये म्हणून सही होते. किती जणींनी केली, ते ज्यांनी केली त्यांना माहीत.

असो. आता राणीकडे येऊ.

व्हिक्टोरिया राणीला सरकारी राजवाड्यांचा कंटाळा यायचा. तिला आपलं स्वतःचं, गावाकडचं घर हवं होतं. १८४५ साली तिने आणि तिचा नवरा अल्बर्ट याने इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्रातल्या आइल ऑफ वाइट या बेटावर ऑसबर्न नावाची इस्टेट विकत घेतली. जुनं घर पाडून अल्बर्टने स्वतः लक्ष घालून नवं बांधलं. थॉमस क्युबिट नावाचा लंडनचा मोठा ठेकेदार त्याच्या जोडीला होता. १८५१ पर्यंत काम चाललं. अल्बर्टला तो समुद्र पाहून इटलीतल्या नेपल्सच्या समुद्राची आठवण व्हायची, म्हणून घर इटलीच्या धर्तीचं: सपाटसर छपरं, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, लांब ओटे आणि दोन उंच चौकोनी मनोरे. हे मनोरे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहेत.

राणीला नऊ मुलं. ऑसबर्नच्या आवारात त्यांच्यासाठी एक लाकडी घर बांधलं होतं, त्यात खरंखुरं छोटं स्वयंपाकघर. राजकन्या तिथे स्वयंपाक शिकायच्या. प्रत्येक मुलाला भाजीचा एक वाफा आणि नावाची अक्षरं घातलेली स्वतःची हत्यारं. पिकवलेली भाजी बाप बाजारभावाने विकत घ्यायचा. हे वाचून आम्हाला बरं वाटलं. शेवटच्या काळात राणीला हिंदुस्थानची आवड लागली. तिने ऑसबर्नमध्ये एक दरबारी दालन करवून घेतलं आणि त्याची नक्षी लाहोरच्या शाळेतले कारागीर भाई रामसिंग यांनी विलायतेत जाऊन केली. १९०१ साली राणी वारली तीही याच घरात.

आता पुण्यात त्या मनोऱ्यांचं काय काम? तर मुंबई इलाख्याचा इंग्रज गव्हर्नर, ज्याला आपले लोक लाटसाहेब म्हणत, तो वर्षभर एका जागी राहत नसे. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरात, पावसाळा पुण्यात. बिऱ्हाड हलावं तसं अख्खं सरकार दप्तरं, कारकून, खानसामे घेऊन हलायचं. पुण्याजवळ दापोडीला त्याचा एक जुना बंगला आणि बाग होती. पण घाट चढून पुण्याला जायचं म्हणजे त्रासाचं काम. मग आपल्या दारावरून आगगाडी आली. १८५३ साली ठाण्यापर्यंत, १८५४ साली कल्याणपर्यंत. बोरघाट फोडायला मात्र अनेक वर्षं गेली आणि हजारो मजूर पटकीने, तापाने, सुरुंगांनी मेले. त्या घाटाच्या एका ठेकेदाराची, ट्रेडवेल नावाच्या साहेबाची, गोष्ट जाता जाता सांगतो. तो १८५९ मध्ये इथे उतरला आणि काही आठवड्यांतच तापाने गेला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने माहीतगार इंजिनियर हाताशी धरले आणि नवऱ्याचा ठेका पुरा करून दिला. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, उद्घाटनाला गव्हर्नर बार्टल फ्रिअर हजर होता. मुंबईहून पुणं काही तासांवर आलं.

दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, फ्रिअरने पुण्याबाहेर गणेशखिंडीत नव्या वाड्याचं काम काढलं. पैसा कुठून आला? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. आपल्याकडच्या कापसाला असा भाव आला की मुंबईत पैशाचा पूर लोटला. सगळ्यांना वाटलं हे असंच चालणार. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, बँक बुडाली. वाड्याचं काम मात्र थांबलं नाही. फ्रिअर १८६७ साली विलायतेला निघून गेला. पुरा झालेला वाडा बघायला तो इथे नव्हता. १८७१ मध्ये बांधकाम संपलं तेव्हा खर्च झाला होता पावणेदोन लाख पौंड. त्या वेळी पौंडाला साधारण दहा रुपये धरत, म्हणजे साडेसतरा लाख रुपये. ठरवल्यापेक्षा इतका जास्त खर्च झाला की विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत बोलाचाली गेली आणि मुंबईचे गव्हर्नर कसे उधळे असतात याचा दाखला म्हणून गणेशखिंडीचं नाव घेतलं गेलं. पैसे कुणाचे, हे कुणी विचारलं का ते तुम्हीच ओळखा.

वाड्याचा नकाशा जेम्स ट्रबशॉ नावाच्या वास्तुकाराचा. नमुना कुठला? ऑसबर्नचा. राणीचं गावाकडचं घर डोळ्यांसमोर ठेवून लाटसाहेबाचं गावाकडचं घर बांधलं. फक्त तिकडे दोन मनोरे, इकडे एक.

तो बघायला आम्ही बारा जणी गेल्या पावसाळ्यात गेलो. एका मावशीची भाची तिथे एम.ए. करते, तिने बोलावलं होतं. कल्याणला पहाटे गाडीत बसलो. कर्जतनंतर घाट लागला, बोगदे मोजता मोजता आमचं भांडण झालं. पुण्यात उतरून बसने विद्यापीठाच्या फाटकाशी गेलो. तिथे आमच्यातल्या दोघी मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, “आत सोडतील का आपल्याला? कुणाकडे आलात विचारलं तर काय सांगायचं?” सवय लागलेली असते. रोज सकाळी संकुलाच्या फाटकावर कार्ड दाखवायचं, संध्याकाळी निघताना पिशवी उघडून दाखवायची.

आत शिरल्यावर आधी घर दिसत नाही. रस्ता वळत वळत जातो. वड, चिंच, पिंपळ, गुलमोहर, पावसाने काळे झालेले बुंधे. हीसुद्धा इंग्रजी इस्टेटीचीच रीत. पाहुण्याने आधी रान ओलांडावं, मग एकदम मोकळी हिरवळ लागावी आणि पलीकडे घर उभं असावं. आजही हे आवार चारशे एकरांहून मोठं आहे. दापोडीची जुनी जागा सरकारने सोडली तेव्हा तिथली झाडांची बाग गणेशखिंडीत आणली गेली आणि पुढे फळबागांच्या कामासाठी तिचं नाव झालं.

घर आपल्या डोंगराच्या करड्या-काळ्या दगडाचं आहे. बेटावरच्या राणीच्या घराचा रंग फिका, इथे दगडाचा रंग पावसाळी ढगाचा. खालच्या मजल्याला कमानींची ओळ, आत रुंद व्हरांडा. हा व्हरांडा महत्त्वाचा. इंग्लंडात ऊन आत घ्यायचं असतं, इथे ऊन बाहेर ठेवायचं आणि पावसाची झड अडवायची. म्हणून नमुना राणीच्या घराचा असला तरी त्याला आपल्या ओसरीसारखं अंग जोडावं लागलं. मधोमध उंच चौकोनी मनोरा, त्याच्यावर झेंडा. लांबून येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. आमच्यातल्या एका मावशीचं लक्ष मात्र वेगळीकडेच. तिने दगडाचे सांधे हाताने चाचपले. तिचे वडील पाथरवट होते. म्हणाली, “सुई जायची नाही.” वाड्यावर नाव गव्हर्नरचं आहे, नकाशावर ट्रबशॉचं आहे. दगड घडवणाऱ्यांची आणि डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

भाचीने आम्हाला भुयाराची गोष्ट सांगितली. या इमारतीच्या खालून एक भुयारी वाट आहे. लोकांना वाटतं राजेरजवाड्यांसारखी पळून जायची गुप्त वाट असेल. तिथे सांगतात ते वेगळंच. स्वयंपाकघर मुख्य घरापासून लांब होतं आणि जेवणाची ताटं घेऊन नोकरांनी याच वाटेने यायचं-जायचं, म्हणजे हिरवळीवर बसलेल्या साहेबांच्या आणि मडमांच्या नजरेला नोकर पडत नसत. हे ऐकल्यावर आम्ही बऱ्याच जणी गप्प झालो. मग जी रोज तीन संकुलांमध्ये काम करते ती म्हणाली, “अगं, ही तर सर्व्हिस लिफ्ट.”

या वाड्याचं आणि फुले पतीपत्नींचं एक नातं आहे, ते कळल्यावर आम्ही ही जागा नुसती इमारत म्हणून बघू शकलो नाही.

जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली मोठा लाटसाहेब, म्हणजे व्हाइसरॉय लिटन, पुण्याला यायचा होता. त्याच्या स्वागताच्या शोभेसाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असं ठरत होतं. नेमलेल्या सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. त्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. तुम्ही म्हणाल, एक हजार रुपयांसाठी एवढं काय? पण गावाबाहेर साडेसतरा लाखांचा वाडा उभा राहिलेला असताना एका माळ्याच्या मुलाने हजार रुपयांचा हिशेब मागितला, ही गोष्ट लहान नव्हे.

१८८८ साली राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कनॉट, पुण्यात होता. मुंबई इलाख्याच्या सैन्याचा तो सरसेनापती. हो, ऑसबर्नच्या वाफ्यात भाजी लावून बापाला विकणाऱ्या मुलांपैकीच हा एक. त्याच्या सन्मानासाठी हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. सगळे भरजरी कपडे घालून आलेले आणि जोतीराव आले शेतकऱ्याच्या वेशात, फाटकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. दारावर त्यांना अडवलं म्हणतात. आत गेल्यावर त्यांनी राणीच्या मुलाला सांगितलं की या जरीच्या पगड्यांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, अर्धपोटी आहे, तिच्या मुलांना शिकवा, हे आपल्या आईला कळवा.

दोन वर्षांनी, १८९० मध्ये, जोतीराव गेले. सावित्रीबाई मागे राहिल्या. १८९७ साल उजाडलं तेच प्लेग घेऊन. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्या मदतीने हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा मुलगा प्लेगने पडल्याचं कळलं तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तो वाचला, त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच दिवसांत सरकारने प्लेग आवरायला रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोजीर घराघरांत शिरले. चुलीपर्यंत, देवघरापर्यंत गेले. बायकांना चारचौघांत उभं करून तपासलं. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या छावणीत बायामुलींचे काय हाल होतात ते मुंबईच्या एका इंग्रजी पत्राला लिहून कळवलं, तर त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न झाला. प्लेग खरा होता, तपासणीही हवीच होती. पण कशी करावी हे बायकांना कुणी विचारलं नाही.

आणि २२ जूनला राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या वाड्यात रात्री मेजवानी झाली. सगळीकडे रोषणाई. शहरात अजून सुतक होतं. मेजवानी आटोपून रँडची गाडी याच रस्त्याने परत निघाली तेव्हा दामोदर चापेकर आणि त्यांचे भाऊ वाट बघत उभे होते. ‘गोंद्या आला रे’ ही हाक शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक आहे. मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू पुढे फासावर गेले. म्हणजे बघा, ज्या साथीत सावित्रीबाई मार्चमध्ये एका मुलाला पाठीवर घेऊन गेल्या, त्याच साथीच्या वर्षी जूनमध्ये या घरात राणीच्या नावाने जेवणावळ उठली. दोन्ही जागांमध्ये काही मैलांचं अंतर.

विलायतेतल्या वाड्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. वारसावर कर बसले, दोन महायुद्धं झाली, पोरीबाळी मोलकरणीची कामं सोडून कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या. राख काढणारं कुणी नाही म्हटल्यावर शंभर खोल्यांचं घर चालायचं कसं? विसाव्या शतकात तिकडे हजाराहून जास्त असे वाडे पाडले गेले. बरेचसे उरले ते एका संस्थेने सांभाळल्यामुळे. नॅशनल ट्रस्ट तिचं नाव, १८९५ साली स्थापन झाली आणि तिच्या तीन संस्थापकांपैकी एक ऑक्टाव्हिया हिल ही बाई होती. आता तिकीट काढून कुणीही ते वाडे पाहू शकतो. ऑसबर्नही बघता येतं. पूर्वी ज्या खोल्या लपवलेल्या होत्या, स्वयंपाकघर, नोकरांचे जिने, तिथेच अनेक ठिकाणी लोकांची जास्त गर्दी होते.

आपल्याकडे वेगळं घडलं. स्वातंत्र्य आल्यावर गव्हर्नरला एवढं आवार कशाला, असा विचार झाला. पुण्याला विद्यापीठ हवं होतं. १९४८ साली कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठ सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. लाटसाहेबाच्या वाड्यात विद्यापीठाची कचेरी बसली. राज्यपालांसाठी आवाराचा एक भाग राहिला, तिथे आजही त्यांचं निवासस्थान आहे. आणि २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. २०२२ पासून त्या इमारतीच्या समोर सावित्रीबाईंचा पुतळा उभा आहे.

नाव दिलं म्हणजे सगळं झालं, असं आम्ही म्हणत नाही. भाचीलाच विचारलं. ती म्हणाली, वसतिगृहात जागा मिळत नाही, बाहेर खोलीचं भाडं परवडत नाही, मेसचे पैसे वेगळे. तिच्या आईने गटातून वीस हजारांचं कर्ज काढलंय, तेव्हा हे दुसरं वर्ष चाललंय. मावशी म्हणाली, “हप्ता एकदाही चुकलेला नाही, हे रेडिओवर सांगा.” सांगितलं.

पाऊस उघडल्यावर आम्ही पुतळ्याजवळच्या झाडाखाली बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. वास लांबवर गेला असणार. कुणी काही म्हटलं नाही. दोन पोरी जवळ आल्या, एक नांदेडकडची, एक नंदुरबारची. त्याही बसल्या.

कुणाला जायचं असेल तर सांगतो. आवार मोठं आहे, चालायची तयारी ठेवा, पायांत साध्या चपला घाला. इमारत बाहेरून बघता येते. ती चालू कचेरी आहे, तेव्हा आत जायचं असेल तर आधी परवानगी काढा आणि शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा. पुण्याची सकाळची गाडी पकडली तर त्याच रात्री घरी परतता येतं. जेवण बरोबर न्या. आणि पाथरवटाची लेक गटात असेल तर तिला आवर्जून न्या, दगड तिच्याइतका आपल्याला वाचता येत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही हक्कसोडपत्राबद्दल बोलणार आहोत. तलाठ्याकडे जाऊन आलेल्या दोघी जणी स्वतः बोलतील. तुमचे प्रश्न लिहून पाठवा. लिहिणं जमत नसेल तर गटातल्या कुणाकडून तरी लिहून घ्या.